स्वतःचा असा एक सुगंध: बारा नमुने आणले, तरी निवड होत नाही

रामबागवासी:
नमस्कार. मी इंदूरला एका बँकेत नोकरी करते. लहानपणी आजीच्या लाकडी पेटीतल्या लुगड्यांना हिन्याचा वास येत असे आणि हळदीकुंकवाला ती अत्तरदाणीतले तेच अत्तर सवाष्णींच्या मनगटांना लावत असे. आजही कुठे तो वास आला, की आधी आजी आठवते आणि मग आपण कुठे उभे आहोत ते लक्षात येते. आपलाही असा एक ठरलेला सुगंध असावा, असे बरीच वर्षे मनात आहे.

गेल्या दिवाळीत एका दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून ५० मिलिलिटरची बाटली घेतली. पहिली दहा मिनिटे संत्र्याची साल सोलल्यासारखा टवटवीत वाटणारा तो वास दुपारपर्यंत इतका गोडमिट्ट झाला, की कोणी व्हॅनिलाच्या बिस्किटांचा पुडा माझ्या टेबलावर उघडून ठेवला आहे असे वाटू लागले. ती बाटली आता कपाटात पडून आहे. म्हणून या वेळी दोन-दोन मिलिलिटरचे बारा नमुने मागवले आणि रविवारी संध्याकाळी पाच कुप्या एकामागोमाग लावून पाहिल्या. तिसरीनंतर सगळे वास एकच झाले. त्यातून एका कुपीवरचे नाव अत्तर सांडून पुसले गेले आणि नेमकी तीच मला आवडली आहे. निवड करण्याची काही शिस्त असते का?

रसायन_शिक्षिका:
आपल्या दिवाळीच्या बाटलीने काही वेगळे केलेले नाही. सुगंध असाच उलगडतो. लिंबूवर्गीय फळांच्या तेलांतले रेणू लहान आणि चटकन उडून जाणारे असल्याने ते आधी नाकाशी येतात व पाव-अर्ध्या तासात विरतात. नंतर फुलांचा आणि मसाल्यांचा भाग पुढे येतो. व्हॅनिला, चंदन, कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्ये ही जड मंडळी सर्वांत शेवटी उरतात आणि दिवस आपल्याला त्यांच्याच सोबतीने काढायचा असतो. दुकानातली पट्टी आपल्याला फक्त पहिला अंक दाखवते. शिवाय कागदाला ना ऊब असते, ना त्वचेचा तेलकटपणा.

एका दिवशी दोनच नमुने घ्यावेत, एक उजव्या मनगटावर आणि एक डाव्या. सकाळी अंघोळीनंतर, बिनवासाच्या साबणाने हात धुऊन, एक फवारा पुरे. फवारा साधारण ०.१ मिलिलिटरचा धरला, तर आपल्या कुपीत वीसेक फवारे आहेत, म्हणजे घाई करण्याचे कारणच नाही. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. लगेच, अर्ध्या तासाने, तीन तासांनी आणि संध्याकाळी असे चार वेळा हुंगून वहीत एकेक ओळ लिहावी. मात्र ‘छान’ असे न लिहिता ‘ओली माती’, ‘शिकेकाई’, ‘नव्या वहीचा कागद’ असे काही नेमके लिहावे. नाक थकले, तर कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावावे किंवा गच्चीवर जाऊन यावे.

आणखी एक. काही कस्तुरीवर्गीय रेणूंचा वास काही माणसांना येतच नाही. आयसो ई सुपर हे लाकडासारख्या वासाचे कृत्रिम द्रव्यही असेच लहरी आहे, मध्येच जाणवेनासे होते आणि पुन्हा येते. एस्सेंट्रिक मॉलिक्यूल्स या कंपनीचे २००६ साली आलेले ‘मॉलिक्यूल ०१’ तर या एकाच द्रव्याचे आहे. म्हणून ‘टिकत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला एकदा विचारावे.

जुना_इंदुरी:
ताई, शिक्षिकाबाईंचे सारे मान्य, पण आपण ज्या वासापासून सुरुवात केलीत तो फवाऱ्यात शोधता आहात, हे मला जरा गंमतीचे वाटले. कन्नौजला तांब्याच्या देगेत फुले किंवा मसाले आणि पाणी घालून, झाकण मातीने लिंपून खाली मंद आच देतात; वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे आधीच ठेवलेल्या चंदनाच्या तेलात मुरते. त्यात मद्यार्क नसतो, म्हणून असे अत्तर दरवळत सुटत नाही, त्वचेशी लगटून राहते. आजी खोलीभर न दरवळता जवळ गेल्यावरच कळत असतील, त्याचे कारण हेच. आता चंदन फार महागल्यामुळे बऱ्याच ठिकाणी लिक्विड पॅराफिनसारखा स्वस्त आधार वापरतात, तेव्हा आधार कशाचा आहे हे विचारूनच घ्यावे. राजवाड्याच्या परिसरात अत्तरवाल्याकडे गेलात, तर काडीला कापसाचा फाया लावून देतील. तो रुमालात बांधून घरी आणा, तिथल्या तिथे ठरवू नका. आणि कृपा करून परतताना सराफ्याच्या खाऊगल्लीत शिरू नका, तिथे तुपात परतल्या जाणाऱ्या भुट्ट्याच्या किसापुढे कोणतेही नाक शुद्धीवर राहत नाही.

रसायन_शिक्षिका:
पुसलेल्या नावाचे सोपे आहे: मागणीची यादी घ्या आणि ज्यांची नावे शाबूत आहेत त्यांवर काट मारा.

रामबागवासी:
दोघांचेही मनापासून आभार. यादीवर काट मारत गेले आणि शेवटी उरले ते खसचे, म्हणजे वाळ्याचे, निघाले. मी हिना शोधते आहे असा माझाच समज होता. आठवडाभर वहीत लिहिल्यावर बारांपैकी दोनच उरले आहेत. खस दुपारी एकनंतर मला स्वतःला जाणवत नाही, पण शेजारच्या सहकारी म्हणाल्या, “कूलरचा वाळ्याचा ताजा पडदा भिजवल्यासारखा वास येतोय, कुठून येतोय?” ही स्तुती आहे असे मी धरून चालले आहे. मोठी बाटली मात्र अजून घेणार नाही. सध्या हवा गार आहे, मे महिन्यात चाळीस अंशांवर हाच वास कसा वागतो ते पाहण्यापुरते पाच-सहा फवारे कुपीत राखून ठेवले आहेत. राजवाड्याकडची फेरी या शनिवारी, जेवून.