पाठांतरच असतं का?

"तत्त्वज्ञानात बीए म्हणजे तीन वर्षं व्याख्या पाठ करायच्या" हे वर कुणीतरी लिहिलंय. नोट्सवर पेपर सुटतो हे खरं, पण मला ते पटलं नाही. नाशिकला आमच्या वर्गात आम्ही मोजून पाच जण. न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारी भारतीय तत्त्वज्ञानाची शाखा, त्यातलं अनुमान चालू होतं: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. सरांनी विचारलं, मग उलटं चालेल का, अग्नी आहे म्हणून धूर आहे? मला सातपूरचं वडिलांचं वर्कशॉप आठवलं. भट्टीतून काढलेलं लोखंड लालबुंद असतं, जवळ हात नेववत नाही, पण धुराचा पत्ता नाही. मी ते सांगितलं, तर सर म्हणाले, नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नेमकं हेच उदाहरण दिलंय, तापलेला लोखंडाचा गोळा! धूर यायला ओलं सरपण लागतं, त्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. आजही कुणी कारण सांगितलं की माझं मन आधी ओलं सरपण शोधतं.

आणि मराठीत साधनं नाहीत म्हणणाऱ्यांनी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' जरूर चाळावा. 1974चा आहे, तीन खंड.