मदत हवी आहे: जुना फोर-बाय-फोर पिकअप रोजच्या वापराला काढायचा आहे, आधी कशाला हात घालू?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

डबल कॅब पिकअप घेतलाय. १९९८ चं मॉडेल, डिझेल, पाच गिअर, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (एरवी मागची दोनच चाकं ओढतात, दांडा टाकला की चारही), पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (लॉक केले की चाक शाफ्टला जोडलं जातं, फ्री केले की सुटतं). मीटरवर दोन लाख चाळीस हजार, खरं किती ते देव जाणे. स्वस्तात मिळाला. का स्वस्त ते आता कळतंय.

रोजचं जाणं-येणं ४० किमी. सगळा डांबरी रस्ता, शेवटचे दोन किमी कच्चे आणि पावसात नुसता चिखल. मला डोंगर चढायचे नाहीत. सकाळी सुरू व्हावा आणि वेळेत पोचवावा, बास.

आता रडगाणं. ६० च्या पुढे खालून थरथर येते, ७० ला कळस, ८५ नंतर जरा निवते. टायर बॅलन्स केले, अलाईनमेंट केली, फरक शून्य. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी, आणि मग टुणकन उडी मारते. दांडा टू-हायवरच, म्हणजे दोन चाकांवरच असतो, फोर-बाय-फोरचा दिवाही लागलेला नसतो. ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि मागून काहीच होत नाही. पुढचे पॅड संपलेत, मागचे लायनर मात्र नव्यासारखे. चढाला दम टाकते, पाचवा गिअर शोभेपुरता. आणि नवी बॅटरी टाकूनही सकाळी सेल्फ रडत रडत फिरतो.

एक मिस्त्री म्हणतो क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकं) बदला. दुसरा म्हणतो डिझेलचा पंप उघडावा लागेल. तिसऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, विकून टाका.

खिसा बेताचा आहे, सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करू? हो, मागच्या मालकाने गाडी मागून-पुढून उंच करून घेतलीय आणि मोठे टायर बसवलेत. दिसते झकास.

पाना_बारातेरा
आधी अभिनंदन, मग सांत्वन.

शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतंत. टायरवर कोणतं माप आहे? आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पट्टी असेल, तिच्यावर कंपनीने काय लिहिलंय? दोन्ही सांगा. तोवर एकही पार्ट विकत घेऊ नका. क्राऊन-पिनियन तर मुळीच नाही.

निव्वळ_वाचक
+१. माझ्याही दारात असाच एक पांढरा हत्ती उभा आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ग्रीसबंबाळ
पार्किंगमधली उडी म्हणजे गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांवर अडकलीय. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो, दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक घसरून हिशोब मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये भरत जातो आणि कुठलं तरी चाक सुटलं की तुमची ती 'टुणकन'.

दिव्यावर विश्वास ठेवू नका. ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या ॲक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या पेटीवरच्या) स्विचची वायर तुटली की तो कायमचा विझतो. खाली उतरून हब बघा.

धुरळा
माझ्या मते एकच हब लॉक राहिला असणार, त्यामुळे एका बाजूला ओढते.

ग्रीसबंबाळ
@धुरळा, एकच हब लॉक असेल तर पुढचा डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला टाकेल, गाडी अडणार नाही. अडायला दोन्ही हब लॉक हवेत आणि ट्रान्सफर केसही फोरमध्ये हवी. हब लॉक आणि केस टूमध्ये असेल तर पुढचा शाफ्ट फुकट फिरत राहतो, आवाज होतो, थोडं डिझेल जास्त जातं, एवढंच.

धागाकर्ता
आत्ताच बघून आलो. हबवर इतका चिखल आणि वर मारलेला काळा रंग होता की खुणाच दिसत नव्हत्या. तारेच्या ब्रशने घासलं. दोन्ही लॉकवर! पक्कडीला फडकं गुंडाळून फिरवले, फ्री केले. उडी गायब.

टायर ३१ इंची आहेत, १५ च्या रिमवर. पट्टीवर २१५/७५ आर १५. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत २३११ असा आकडा आहे, तो काय?

पाना_बारातेरा
तो टायरचा जन्मदाखला. २०११ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही उभी असली तरी त्या रबरावर ओल्या रस्त्यात ब्रेक मारायला मी धजणार नाही.

आता मापं. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी, ते दोनदा, अधिक रिमचे ३८१. व्यास झाला साधारण ७०४. तुमचे ३१ इंच म्हणजे ७८७. टायर १२ टक्क्यांनी मोठा. मीटर ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८९-९० ने पळताय. आणि सगळे गिअर १२ टक्क्यांनी लांब झालेत, म्हणून चढाला दम आणि पाचवा शोभेचा. पंपाला हात लावू नका, बिचारा निर्दोष आहे. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तेवढे बदला.

ग्रीसबंबाळ
ब्रेकचं उत्तरही त्या 'झकास' मध्येच आहे. मागच्या ॲक्सलपासून चासीकडे एक बारीक दांडी गेलेली दिसेल, वरच्या टोकाला छोटा व्हॉल्व्ह. हौद्यात माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी गाडी उचललेली असते, तेव्हा दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. तुमच्या मागच्या मालकाने लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या पट्ट्या) घालून चासी वर नेली. व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामीच्याही पलीकडची रिकामी आहे. म्हणून मागचे लायनर नवे आणि पुढचे पॅड संपलेले.

काही जण ती दांडी वाकवून किंवा तारेने बांधून जुगाड करतात. नका करू. शॅकल मूळ मापाचे घाला, व्हॉल्व्ह आपोआप ताळ्यावर येईल. ड्रम उघडाल तेव्हा ॲक्सलच्या सीलमधून तेल लायनरवर आलंय का तेही बघा. आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, मागच्या मालकाने कधी बदललं असेल याची मला शंका आहे.

वंगणताई
मी पुरुषांच्या धाग्यात नाक खुपसतेय, पण सेल्फचं कुणीच बोललं नाही.

मल्टिमीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. जास्त दिसलं तर इंजिनला चासीशी जोडणारी अर्थची वेणी कुजलीय.

आणखी एक. १५-२० किमी चालवल्यावर तापमानाचा काटा कुठे असतो?

धागाकर्ता
ताई, नाक खुपसल्याबद्दल दंडवत. १.६ व्होल्ट! वेणी हातात घेतली तर हिरवी पूड झाली. नवी टाकली, बोल्टाखालचा रंग खरवडून घट्ट केली, आणि पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू. दोन महिने मी बॅटरीला शिव्या देत होतो.

काटा कायम तळाशी. मला वाटलं, थंड राहतंय ते चांगलंच.

वंगणताई
चांगलं नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला असणार. कधीतरी गाडी तापली असेल आणि रेडिएटर साफ करण्याऐवजी कुणीतरी तो काढून फेकला. डिझेल इंजिन थंडच चाललं की डिझेल जास्त खातं आणि झीजही वाढते. नवा बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून बुडवून बघा, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला हवा. पण त्याआधी रेडिएटर बाहेर काढून जाळीतला चिखल मागून पुढे पाण्याने धुवा, नाहीतर थर्मोस्टॅट बसवल्यावर मूळ दुखणं परत येईल. पंख्याचा क्लचही हाताने फिरवून बघा.

टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि तो कधी बदलला हे लिहिलेलं नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा. हा खर्च मात्र टाळू नका.

धागाकर्ता
थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं घर होतं, आत पक्षी नाही. बेल्टसकट सगळं केलं. पण थरथर जशीच्या तशी.

पाना_बारातेरा
थरथर हातात येते की बुडाखाली?

धागाकर्ता
सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात. स्टिअरिंग शांत. ७० ला न्यूट्रल करून सोडली तरी येते.

पाना_बारातेरा
मग इंजिन सुटलं, टायरही जवळजवळ सुटले. ७० ला तुमचं चाक सेकंदाला आठेक वेळा फिरतं, त्याचा दोष हातात हेलकाव्यासारखा लागतो. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) त्याच्या चौपट वेगाने फिरतो, त्याची गुणगुण बुडाखाली.

चाकांना पुढून-मागून दगड लावून गाडीखाली जा आणि मागचा शाफ्ट बघा. त्याच्या टोकांच्या जॉइंटचे क्रॉस (मधले अधिक-चिन्हासारखे तुकडे) बदलल्याच्या खुणा आहेत का? आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे शाफ्टला जोडलेले ते दोन कान, एका रेषेत आहेत का?

धागाकर्ता
क्रॉस चकचकीत नवे आहेत. योक मात्र... एक उभा आहे, दुसरा आडवा! असंच असतं ना?

पाना_बारातेरा
सापडलं!

असं नसतं. रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा हा जॉइंट सतराव्या शतकापासून एक खोड बाळगून आहे. कोनात फिरताना तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढच्या दांड्याला पळवतो आणि दोनदा रेंगाळायला लावतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चूक बरोबर उलटी करून मिटवतो, पण दोन्ही योक एका रेषेत असले तरच. कुणीतरी क्रॉस बदलताना शाफ्टचा सरकता भाग बाहेर काढला आणि पाव फेरा फिरवून परत घातला. आता दोन्ही चुका एकमेकींना मिटवण्याऐवजी भर घालतायत. त्यात लांब शॅकलमुळे ॲक्सल फिरून पिनियनचं तोंड वर झालंय, कोनही बिघडलाय.

फ्लँजवर (शाफ्टचं टोक जिथे बोल्टाने जोडलंय त्या चकतीवर) आणि शाफ्टवर खडूने खुणा करा, बोल्ट काढा, सरकता भाग ओढून योक जुळवा. बहुतेक शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, ग्रीसखाली दडलेल्या. खर्च शून्य.

धागाकर्ता
चिंधीने पुसलं तर दोन बाण खरंच निघाले. जुळवले. थरथर पाऊण गेली. उरलेली शॅकलची असेल असं धरून आज ते काढायला घेतले, आणि इथे पोटात गोळा आला. उजव्या बाजूला पाट्याचं मागचं टोक जिथे चासीला धरलंय, तिथे हातोडीने ठोकलं तर इतरत्र ठण्ण येतं आणि तिथे थप्प. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर अर्धा इंच आत गेला. वरून काळा रंग ताजा. आता?

ग्रीसबंबाळ
आता गाडी हलवू नका.

डबा-चासी आतून सडते. चिखल आत शिरतो, बाहेर यायला वाट नसते. म्हणून बाहेरून रंग छान आणि आत पापुद्रे. हातोडीने दोन्ही बाजू पुढपासून मागपर्यंत ठोकत जा आणि मेलेला आवाज कुठून कुठवर येतो ते खडूने आखा. वीतभरच असेल तर दुरुस्त होईल. दोन्ही बाजूंना हातभर निघालं तर तिसऱ्या मिस्त्रीचं ऐका.

वेल्डिंग चासीचं काम करणाऱ्याकडूनच. वरून पातळ पत्रा चिकटवून देतो म्हणाला तर उठून या. सडलेलं कापून चांगल्या लोखंडापर्यंत जायला हवं, पट्टी चासीच्याच जाडीची हवी, आणि तिची टोकं सरळ उभी न कापता तिरकी. चासीच्या आडवं सरळ वेल्ड मारलं की त्याच रेषेत पुढे तडा जातो. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, जवळ डिझेलची टाकी असेल तर ती उतरवा. झाल्यावर आतून मेणाचा फवारा, आणि पाणी निथळायची भोकं उघडी करा.

धागाकर्ता
उशीर झाला, पण कळवतो. सड उजव्या बाजूला वीतभर, डावी ठणठणीत निघाली. कापून, तिरक्या पट्ट्या लावून झालं. मूळ मापाचे शॅकल, नवे यू-बोल्ट, २१५ चे टायर. शंभरेक किमीनंतर यू-बोल्ट परत आवळले. फोर-बाय-फोरच्या दांड्याखालचा बुश चुरा झाला होता, तोही बदलला, आता फोर-हाय खरंच लागतो आणि खरंच सुटतो. दिवाही लागतो.

थरथर गेली. ब्रेक दाबला की गाडी चारही पायांवर बसते. पाचवा गिअर लागतो आणि टिकतो. आत्तापर्यंत ६०० किमी झाले. हँडब्रेक अजून सहा खटके वर येतो, तो येत्या रविवारी. मागच्या ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) मातीने बुजला होता, तो साफ केला म्हणून पिनियनच्या सीलची गळती थांबली की योगायोग, ते पाहतोय.

लेक म्हणते, बाबा, गाडी बुटकी दिसते. दिसते खरी. काल संध्याकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून, काही गरज नसताना, दोन चकरा मारल्या.