सेव्हन-झिपमधून फाइली आल्या, पण सगळ्यांचा मालक मीच!

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा छापखाना आहे. उबंटूचा जुना सर्व्हर बदलला. साधारण ४० जीबी डेटा सेव्हन-झिपने कॉम्प्रेस करून नव्या मशीनवर उघडला. फाइली सगळ्या आल्या. पण 'एलएस -एल' (फाइलींचे मालक आणि परवानग्या दाखवणारी कमांड) केलं तर जिथे तिथे माझंच नाव! हिशेबाचं फोल्डर ७०० वर (म्हणजे फक्त मालकाला मुभा) होतं, ते ७००च राहिलंय. म्हणजे ते आता फक्त मला उघडतं आणि हिशेबनीस बाई सकाळपासून माझ्या डोक्यावर बसल्यात. एकाने "सगळ्याला ७७७ मार" (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) असा सल्ला दिला. त्यात पगाराचे तक्ते आहेत हो!

जुनी डिस्क अजून हाताशी आहे, शनिवारी मशीन भंगारात जाणार. आणखी एक घोळ म्हणजे जुन्यावर डिझायनरचा युजर क्रमांक १००१ आणि हिशेबाचा १००२ होता, नव्यावर मी युजर उलट्या क्रमाने बनवलेत. काय करू?

प्रतिसाद १
सेव्हन-झिप मालक आणि ग्रुप साठवतच नाही. लिनक्सवर बॅकअपसाठी वापरू नका, असं त्याच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानात) लिहिलंय (वाचतो कोण म्हणा). आधी टार (मालक-परवानग्यांसकट फाइली एका फाइलीत बांधणारी कमांड) करा, मग ते हवं त्याने कॉम्प्रेस करा. आणि बांधताना-सोडवताना दोन्हीकडे सुडो लावा, म्हणजे कमांड रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने चालते. साध्या युजरने टार सोडवलं तर फाइली त्याच्याच नावावर होतात, कारण फाइल दुसऱ्याच्या नावावर करायची मुभा फक्त रूटला असते. शिवाय परवानग्यांना युमास्कची (नव्या फाइलींच्या परवानग्या कमी करणाऱ्या सेटिंगची) कात्री लागते ती वेगळीच. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीवरची फाइल बसणार नाही, तेवढं बघा.

प्रतिसाद २
युजरच्या उलट्या क्रमाची काळजी नको. टार नाव आणि आकडा दोन्ही लिहून ठेवतं आणि सोडवताना आधी नाव जुळवतं. नाव सापडलं नाही तरच आकडा. त्यामुळे नव्या मशीनवर तीच नावं असतील तर '--न्यूमेरिक-ओनर' (नाव सोडून फक्त आकड्यावरून मालक ठरवणारा पर्याय) मुळीच लावू नका, नाहीतर हिशेब डिझायनरच्या हातात जाईल. तो पर्याय लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स सुरू होतं) अख्खी सिस्टिम परत बसवताना लावायचा. तिथली नावं वेगळी असतात, म्हणून आकडाच खरा.

धागाकर्ता
झालं एकदाचं! सोडवण्याआधी 'टार -टीव्हीएफ'ने यादी पाहिली, नावं बरोबर होती. मग रिकाम्या फोल्डरात सोडवलं. बाईंचं फोल्डर त्यांना उघडलं, मला सुडोशिवाय उघडत नाही. हेच हवं होतं.

एकच शंका. जुन्या मशीनवर 'डिझाइन' फोल्डरच्या परवानग्यांपुढे + असं चिन्ह दिसायचं, नव्यावर ते नाही.

प्रतिसाद २
ते एसीएल, म्हणजे ठरावीक युजरना किंवा ग्रुपना वेगळ्या दिलेल्या जादा परवानग्या. टार करताना आणि सोडवताना, दोन्ही वेळा '--एसीएल्स' लावावं लागतं. शनिवारच्या आत तेवढं एक फोल्डर पुन्हा आणा.