मदत हवी आहे: कंबर-मानेसाठी कायरोप्रॅक्टिकचं (मणक्यांना हाताने झटके देऊन करायचे उपचार) २४ सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

लंबकर्ण:
वय ४१, दिवसाचे नऊ तास खुर्चीत, जाणं-येणं स्कूटरने. ७ आठवडे कंबर धरलेली आहे. कळ उजव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाला उतरते. सकाळी मान आखडलेली असते. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली. कायरोप्रॅक्टर २४ सिटिंग म्हणतात, पैसे आगाऊ. घ्यावं का? मान मोडून घेणं कितपत सुरक्षित? आणि घरी काय करू?

वातकुक्कुट:
पॅकेजचं नंतर. लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर, यातलं काहीही असेल तर आजच इमर्जन्सीत जा. नसेल तर टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. उजवा पंजा खाली पडत असेल किंवा पायाचा अंगठा वर ओढताना डाव्यापेक्षा कमजोर असेल, तर ऑर्थो किंवा न्यूरोसर्जनने बघेपर्यंत कुणाला कंबर दाबू देऊ नका. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी?

लंबकर्ण:
यातलं काही नाही. टाचा-चवडे दोन्हीवर चालता येतं.

सांधेबदल:
मग रिपोर्टमधल्या 'बल्ज'ला घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिक जणांत बल्ज दिसतो.

'मणका सरकलाय, जागेवर बसवतो' असं कुणी म्हणालं तर ते शब्दशः घेऊ नका. काडकन आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. बोटं मोडल्यावर येतो तोच, आणि तेच बोट पुन्हा मोडायला साधारण २० मिनिटं जावी लागतात तीही म्हणूनच. हाड कुठून कुठे गेलेलं नसतं. झटक्याने आजूबाजूचे स्नायू काही काळ सैलावतात, दुखणं कमी जाणवतं. हा आराम खरा आहे, पण बहुधा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. त्या मोकळ्या वेळात व्यायाम केला नाही तर पुढच्या आठवड्यात तेच टेबल आणि तोच काडकन.

म्हणून २४ नको. ४ ते ६ सिटिंग, २-३ आठवड्यांत, दर वेळी पैसे देऊन. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी वहीत मांडा: सलग किती मिनिटं बसता येतं, वाकल्यावर बोटं कुठवर पोचतात, कळ पायात कुठवर उतरते. सहाव्या सिटिंगपर्यंत तिन्ही जागच्या जागी असतील तर सातवं घेऊ नका. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक सरकारी संस्थेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वंही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्या म्हणतात, नुसते नव्हे.

आणखी एक: आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी वैधानिक परिषद नाही. पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, पदवी कुठली ते विचारा. अमेरिकेत हा पदवीनंतरचा काही वर्षांचा कोर्स आहे. वीकेंडच्या वर्कशॉपवरही पाटी लागते.

मानमोडी:
मानेचं वेगळं आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. जोरात पिळल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण झालं तर परत फिरता येत नाही. आधीच स्पष्ट सांगा: 'मानेला झटका नको, हलक्या हाताने मोबिलायझेशन करा', म्हणजे सांधा नुसता हळूहळू हलवा. चांगला माणूस वाद घालत नाही. संधिवात असेल, बटणं लावताना बोटं अडखळत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर तेवढंही नको. नंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं किंवा पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी आली तर थांबू नका, सरळ इस्पितळ गाठा. चंपीनंतर सलूनवाला मान मोडतो तेही आजपासून बंद. त्याला सांगायला लाज वाटते हे खरं.

मान आखडण्यावर: हनुवटी सरळ मागे ओढा, खाली नाही. ५ सेकंद धरून १० वेळा, दिवसातून ३-४ दा. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या.

सांधेबदल:
कंबरेसाठी: पालथे झोपून कोपरांवर २-३ मिनिटं. मग तळव्यांवर छाती उचला, कंबर ढिली, १० वेळा, दर दोन तासांनी. कळ वर सरकली तर चालू ठेवा, खाली उतरली तर बंद. (साठीपुढच्या ज्यांचे पाय चालताना भरून येतात आणि वाकल्यावर बरं वाटतं त्यांनी हा व्यायाम करू नये.) दुखणं निवळू लागल्यावर मांजरासारखं चार पायांवर येऊन उजवा हात-डावा पाय, मग डावा हात-उजवा पाय लांब करणं, ८-१० सेकंदांहून जास्त धरायचं नाही. चालणं १०-१० मिनिटं तीनदा. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं नाही, रात्रभरात डिस्क पाणी पिऊन फुगलेली असते. अंथरुणाची घडी नंतर. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, तो उचलायचा नाही.

लंबकर्ण (१६ दिवसांनी):
४ सिटिंग झाली. बसणं १५ मिनिटांवरून ४०वर गेलं. पोटरीतली कळ थांबली, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. बिघडलं का?

सांधेबदल:
नाही. कळ पायातून निघून कंबरेत गोळा होणं ही सुधारणा आहे, कंबर थोडी जास्त बोलली तरी. सिटिंगनंतरचा ठणका एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर तोही चालतो. पालथं झोपून छाती उचलण्याचा व्यायाम तसाच ठेवा, हात-पायांचा आता सुरू करा. स्कूटर अजून दोन आठवडे नको. पोटरीत कळ परत उतरली तर आदल्या दिवशी काय वाढवलं ते वहीत बघा आणि तेवढंच कमी करा.