पेठेतल्या खोलीत ६०० वॅट-सेकंदांचं फ्लॅश हेड कशाला? (टोपणनावांनी तिघांचा वाद)

पेठकर: सदाशिव पेठेतली १० बाय १४ ची खोली, छत ९ फूट. तरी पोर्ट्रेट स्टुडिओ म्हटलं की ६०० वॅट-सेकंदांचीच (फ्लॅशची ताकद याच मापात सांगतात) हेड, म्हणजे स्टुडिओचे फ्लॅश दिवे, गळ्यात मारली जातात. माझ्या मते तिथे २०० भरपूर झाले. ९० सेंमीचा दुहेरी पडद्याचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवला, तर २०० चं हेड फुल पॉवरला, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० वर साधारण एफ/११ ला पुरेल इतका उजेड देतं (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान, उजेड जास्त लागतो). स्थळासाठीचे, बायोडेटाचे फोटो एफ/५.६ ते एफ/८ मध्ये होतात, म्हणजे पाव ते निम्मी पॉवर. एफ/२ ला काढायचं तर ५ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली, जेमतेम ६ वॅट-सेकंद. फुल पॉवरच्या १/३२ वर थांबणारं ६०० चं हेड १९ च्या खाली उतरतच नाही. मग लावा एनडी फिल्टर, लेन्सवरची उजेड कमी करणारी काच.

भोसरीचा गाळा: हा हिशोब एका चेहऱ्याचा झाला. साठीशांतीला दहा जणांचं कुटुंब दोन रांगांत उभं राहिलं की दिवा मागे ३ मीटरवर न्यावाच लागतो, नाहीतर दिव्याकडची माणसं पांढरी पडतात आणि पलीकडची काळवंडतात. अंतर तिप्पट, उजेड एक नवमांश. तुमचं एफ/११ आलं एफ/४ वर. मागची रांग शार्प हवी तर एफ/८ पाहिजे, म्हणजे चौपट: ८०० वॅट-सेकंद. ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावली तर आणखी स्टॉपभर गेला.

पेठकर: आयएसओ ४०० करा, तेच हेड ८०० चं काम करेल. आजच्या कॅमेऱ्यांत ४०० ला नॉइज दिसत नाही. शटर १/१६० सेकंद आणि एफ/८ ला खोलीतली ट्यूबलाइटही फोटोत उतरत नाही.

भोसरीचा गाळा: एक्स्पोजर सुटलं, रिसायकल (फ्लॅश पुन्हा भरणं) नाही सुटलं. हेड फुल पॉवरलाच राहिलं. भरायला दोनेक सेकंद लागतात, तेवढ्यात बाळाचं हसू गेलेलं असतं. घाईत बटण दाबलं की फ्लॅश उडतच नाही, नाहीतर काळपट फ्रेम येते. लागोपाठ फुल पॉवर मारली की हेड तापून आणखी मंदावतं. लागते त्याच्या दुप्पट पॉवर घ्या आणि निम्म्यावर चालवा. एकच हेड घ्यायचं तर ४००.

मीटरवाली: दोघंही वॅट-सेकंदांनाच उजेड समजताय. ती कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा. फ्लॅशची ट्यूब आणि रिफ्लेक्टर यांप्रमाणे दोन ४०० च्या हेडांचा उजेडही वेगळा पडतो. आपला सॉफ्टबॉक्स दुकानात नेऊन १ आणि ३ मीटर अंतरावर लाइट मीटरने (उजेड मोजायचं यंत्र) मोजा, मग पैसे द्या. आणि पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. घरगुती इन्व्हर्टरवर प्लगचं (एसी) हेड चालवू नका: चार्ज होताना एकदम करंट ओढतं, इन्व्हर्टर ट्रिप होतो. मुख्य हेड तरी बॅटरीचं घ्या.

पेठकर: लहान मुलं आणि मोठे ग्रुप रोजचे असतील तर ४०० मान्य, पण १/२५६ पर्यंत उतरणारंच. बॅकग्राउंडच्या दिव्याला मात्र २०० च्या वर एक रुपया घालू नका; उरलेल्या पैशांत भिंतींना लावायला काळं कापड आणा. पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड गालाची सावली खातो, तो कुठल्याच हेडने कमी होत नाही.