घरी स्पीकर बांधताना पैसे आधी कशावर घालावेत? माझं मत: अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी

षड्ज (धागाकर्ती)

गेल्या दिवाळीपासून आषाढापर्यंत मी स्पीकरची एक जोडी बांधली, मोडली आणि पुन्हा बांधली. एकूण खर्च ३१ हजार, त्यातले ९ हजार पाण्यात. ते कसे गेले ते सांगते. या नादाला नव्याने लागणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा "अ‍ॅम्प कुठला घेऊ?" असं विचारतो (अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर). माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

पहिला फटका: लॅमिंग्टन रोडवरून गाडीत बसवायचे सहा इंची स्पीकर आणले. पॅकिंगवर मोठ्या अक्षरात वॉट होते, बाकी काही नाही. ड्रायव्हर (खोक्यात बसणारा, प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) कुठल्या खोक्यात कसा वागेल हे थील-स्मॉल आकड्यांवरून कळतं. नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात पुढे नेलेलं हे गणित आज मोबाइलवरही करता येतं, पण त्यासाठी आकडे तर हवेत! मी घरी मोजले तेव्हा त्या स्पीकरचा क्यूटीएस (हललेला पडदा किती आवरला जातो त्याचा आकडा, जास्त म्हणजे सैल) ०.८ निघाला. म्हणजे बंद खोकं कितीही मोठं करा, खोक्यासकट हा आकडा ०.७ असताना मिळणारी खालच्या सुरांची सपाट, आटोपशीर बाजू त्यातून मिळणारच नाही. तो गाडीच्या दारासाठी घडवलेला जीव. माझ्या छोट्या खोक्यात डग्ग्याच्या प्रत्येक थापेला नुसता घुमारा यायचा, मींड ऐकूच येत नव्हती.

मग आकडे छापलेला वूफर (खालचे सूर वाजवणारा ड्रायव्हर) घेतला: एफएस (पडदा मोकळा डोलतो तो सूर) ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस (पडद्याइतकीच लवचिक असणारी हवा) २५ लिटर. गणित केलं तर बंद खोकं निघालं जवळपास १२ लिटरचं आणि आवाज ३ डेसिबलने उतरतो तो ७१ हर्ट्झला. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर येते. म्हणजे खर्ज अगदी काठावर. मला ते चाललं.

दुसरा फटका क्रॉसओव्हरचा (खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटर या छोट्या ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट), आणि तो जास्त शिकवून गेला. बाजारातला तयार क्रॉसओव्हर लावला, वर "३००० हर्ट्झ" छापलेलं. गाणं ठीक वाटायचं, पण तानपुरा मेलेला. तारा वाजत होत्या, पण त्यांची गुंजणारी झणझण, म्हणजे जवारी, नव्हती. आठवडाभर मी अ‍ॅम्पला दोष देत राहिले, नवा बोर्डही मागवला. शेवटी मोजायचा माइक आणला आणि रात्री गच्चीवर मोजलं, तर २८०० हर्ट्झच्या आसपास ९ डेसिबलचा खड्डा. तयार क्रॉसओव्हर असं धरून चालतो की वूफर म्हणजे ८ ओहमचा साधा रेझिस्टर. पण कॉइलच्या इंडक्टन्समुळे (सूर चढेल तसा वाढणाऱ्या तिच्या विरोधामुळे) माझा वूफर ३००० हर्ट्झला ११ ओहम होता. तो ठरल्या जागी उतरतच नव्हता, आणि जिथे दोघं एकत्र वाजत होते तिथे ट्वीटरशी त्याची फेज (लाटांची चढउतार) जुळत नव्हती. वूफरला समांतर ६.८ ओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांची जोडी लावली, ट्वीटरच्या तारा उलटवल्या, कॉइल बदलली. खड्डा दीड डेसिबलवर आला आणि जवारी परत आली. दोनशे रुपयांचं सामान, अ‍ॅम्प तोच.

म्हणून माझं म्हणणं: दर शंभर रुपयांतले साठ ड्रायव्हरवर, पंचवीस क्रॉसओव्हर आणि मोजणीवर, उरलेल्यात खोकं आणि अ‍ॅम्प. पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

कथील

ताई, क्रॉसओव्हरचं सगळं मान्य. पण अ‍ॅम्प उरलेल्या पैशांत घ्यायचा, हे अजिबात मान्य नाही. मी ठाण्यात पस्तीस वर्षं अ‍ॅम्प दुरुस्त करतोय. माझ्याकडे जळलेले ट्वीटर येतात, त्यातले बरेचसे कमी ताकदीच्या अ‍ॅम्पने जळलेले असतात. आवाज हवा तेवढा मिळत नाही म्हणून माणूस बटण पिळत जातो, अ‍ॅम्प क्लिप होतो आणि ती चपटी झालेली लाट ट्वीटरच्या उरावर जाते.

तुमचा बोर्ड कुठला आणि त्याला सप्लाय काय दिलाय?

षड्ज

टीपीए३११६ चिपचा बोर्ड आहे काका. ५० अधिक ५० वॉट लिहिलंय. अ‍ॅडॉप्टर घरात होता तोच, १२ व्होल्ट २ अँपिअर.

कथील

मग हिशेब करू. १२ व्होल्टवर ब्रिजमध्ये (स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट ढकलत) चालणारा अ‍ॅम्प ८ ओहमला आदर्श परिस्थितीतही ९ वॉटच देणार. १२चा वर्ग १४४, भागिले १६. चिपच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचे ५० वॉट २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले आहेत. १० टक्के म्हणजे कानाला स्पष्ट फाटलेला आवाज.

आता तुमचा वूफर. सहा इंची, आकडे छापलेला, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास देत असेल. खोक्याची पुढची पाटी २० सेंटिमीटर रुंद धरली तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली आवाज खोक्यामागे वळायला लागतो. ती तूट भरून काढली की हातात ८२-८३ उरतात. एक मीटरवर तबल्याची १०० डेसिबलची थाप हवी असेल तर १७ डेसिबल वर जायचंय, म्हणजे ५० वॉट. तुमच्याकडे आहेत ९. डग्गा बंद खोक्यातही मोकळा वाटत नसेल, तर खोक्याला नका बोलू.

मी स्वतः एलएम३८८६ ही चिप वापरतो. ±२८ व्होल्टवर ४ ओहमला ६८ वॉट, ८ ओहमला ३८. २०० व्हीएचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, दर बाजूला १० हजार मायक्रोफॅरडचे कंडेन्सर. या सामानाची किंमत तुमच्या एका वूफरएवढी होते आणि ती वसूल होते. चिप मात्र खात्रीच्या माणसाकडूनच घ्या. मी एका ठिकाणाहून स्वस्तात दहा घेतल्या, त्यातल्या सात पहिल्याच तासात गेल्या. वरची छपाई नखाने निघत होती.

पाटपट्टी

मी सुतार, रत्नागिरीकडचा. तुम्ही दोघंही खोक्याला उरल्यासुरल्या पैशांत ढकलताय, ते मला खटकलं.

आमच्याकडे एमडीएफचं खोकं दोन पावसाळे काढत नाही. खालची कड पाणी ओढते, फुगते, सांधा उघडतो. सांधा उघडला की षड्जताईंचं बंद खोकं बंद राहत नाही, मग ते गणित कोणाच्या कामाचं? मी ७१० ग्रेडची, म्हणजे पाण्यात टिकणारी, १८ मिलिमीटर प्लाय वापरतो, कडेला पट्टी, आत आडवा टेका. वूफरचं भोक जिगसॉने कापायचं नाही, राउटरला (लाकूड कोरायच्या यंत्राला) पट्टी लावून गोल फिरवायचं. ड्रायव्हरच्या कडेच्या चकतीची जाडी मोजून तेवढीच खाच घ्यायची, म्हणजे ड्रायव्हर पाटीशी सपाट बसतो.

खोकं हवाबंद आहे का ते पाहायला यंत्र लागत नाही. वूफरची कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) दोन्ही अंगठ्यांनी अगदी हळू आत दाबा आणि सोडा. सावकाश, जड असल्यासारखी परत आली तर खोकं धरलंय. टपकन उडाली तर कुठूनतरी हवा जातेय. दहात आठ वेळा ती मागच्या टर्मिनलच्या भोकातून जाते. तिथे रबराचा वायसर घाला.

एकचसूर

मला एक कळत नाही. जवारी क्रॉसओव्हरने मारली, मग क्रॉसओव्हर ठेवायचाच कशाला? मी फॉस्टेक्स कंपनीचा चार इंची फुलरेंज (एकटाच सगळे सूर वाजवणारा ड्रायव्हर) लावलाय, वर ट्वीटर नाही, मध्ये कॉइल नाही, कंडेन्सर नाही. तानपुरा एका जागेवरून येतो, गाणाऱ्याचा श्वासही त्याच जागेवरून. षड्ज यांनी आठ महिने जो खड्डा बुजवण्यात घालवले तो माझ्याकडे कधी पडलाच नाही. आणि कथीलकाका, माझ्या ड्रायव्हरची संवेदनशीलता ८९ आहे, मला ५० वॉट लागत नाहीत.

षड्ज

एकचसूर, गळा आणि तानपुरा तुमच्या मांडणीत सुरेख लागत असणार, यात शंका नाही. पण पाटीमुळे येणारी तूट तुमच्याकडेही आहे, ती भरायला कॉइल आणि रेझिस्टर लावावाच लागतो. मग "मध्ये काही नाही" हे उरत नाही आणि ८९ही उरत नाहीत. शिवाय चार इंची कोन वरच्या सुरांना टॉर्चसारखी सरळ फेकते. समोर बसलात तर ठीक, शेजारच्या खुर्चीवर आईला वेगळंच गाणं ऐकू येतं. आमच्याकडे चौघं एकत्र बसून ऐकतात.

पाटपट्टीदादा, अंगठ्याची परीक्षा लगेच केली. डावा धरतोय, उजवा टपकन आला. वायसर आणते.

पाटपट्टी

टर्मिनल बदलूनही टपकन आला तर वूफरच्या स्क्रूखाली बघा.

तयारमाल

सगळ्यांचा उत्साह पाहून बरं वाटतं, पण मी उलट बाजू मांडतो. एलएस३/५ए या स्पीकरचं उदाहरण घ्या. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रसारणाच्या गाडीत बसेल असा पाच-सहा लिटरचा स्पीकर केला. केईएफ कंपनीचे ड्रायव्हर, १२ मिलिमीटरची बर्च प्लाय, आतून बिटुमेनचे पट्टे. त्यामागे तज्ज्ञ अभियंते, प्रतिध्वनी नसलेली खोली आणि तुलनेला शेजारच्या स्टुडिओत प्रत्यक्ष वाजणारी वाद्यं होती. तुमच्याकडे गच्ची आणि एक माइक. ३१ हजारांत चांगल्या कंपनीचा बुकशेल्फ स्पीकर मिळतो, वॉरंटीसकट, आणि नको झाला तर विकता येतो. घरी बांधलेली जोडी कोण विकत घेणार?

षड्ज

विकायची नाहीच. पण मोजणीबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे, त्याला नीट उत्तर देते.

स्पीकर दीड मीटर उंच, माइक एक मीटर दूर ठेवला, तर जमिनीवरून परतलेला आवाज मूळ आवाजानंतर साधारण ६ मिलिसेकंदांनी पोचतो. संगणकात त्याच्या आधीचाच तुकडा ठेवायचा. मग खोलीचा संबंध संपतो, पण १६० हर्ट्झखालचं चित्र भरवशाचं राहत नाही. तिथलं मी माइक कोनला जवळजवळ टेकवून वेगळं मोजते आणि जोडते. प्रयोगशाळेइतकं ते अचूक नाही. पण ९ डेसिबलचा खड्डा पकडायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि ज्यांना इतकं करायचं नाही त्यांनी दुसऱ्याने मोजून प्रसिद्ध केलेली रचना जशीच्या तशी उचलावी. त्यातला एकही ड्रायव्हर "तसाच दुसरा" म्हणून बदलू नये, पाटीची रुंदीही बदलू नये. मी पहिल्यांदाच असं केलं असतं तर ते ९ हजार वाचले असते.

तयारमाल

मग त्यात तुमचं काय उरलं? मी अजूनही तयार स्पीकरच घेईन. पण ११ ओहमची गोष्ट मला माहीत नव्हती, ती कामाची आहे.

कथील

ताई, मुद्दा बाजूला पडला. सप्लाय बदललात का?

षड्ज

बदलला. २४ व्होल्ट ५ अँपिअरचा आणला. तुमच्याच हिशेबाने ९चे ३६ वॉट झाले, ६ डेसिबलची जागा मिळाली. काल विलंबित लावलं. समेवर डग्गा दाबून सुटतो तो सूर पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आधी तो मध्येच चिरडला जायचा. मी खोक्याला नावं ठेवत होते, ते चुकलं. "उरलेल्यात अ‍ॅम्प" हे शब्द मागे घेते. ड्रायव्हरला किती ताकद लागते ते आधी काढावं आणि तेवढी पुरवावी.

पण काका, पुरेशी ताकद मिळाल्यावर हा चौदाशेचा बोर्ड आणि तुमचा एलएम३८८६ यांत मला फरक कळेल, हे मला अजून पटत नाही.

कथील

कळेल असं मी म्हणतो, आणि का तेही सांगतो. त्या स्वस्त डी क्लास बोर्डात शेवटचा कॉइल-कंडेन्सरचा फिल्टर फीडबॅकच्या (आपली चूक स्वतः तपासून सुधारायच्या साखळीच्या) बाहेर असतो. समोरचा इम्पीडन्स (सुरागणिक बदलणारा ओहमचा आकडा) जसा बदलेल तसा त्याचा वरचा पट्टा हलतो. तुमच्या ट्वीटरचा इम्पीडन्स १० हजार हर्ट्झच्या वर काय होतो ते मोजलंय का?

षड्ज

नाही मोजलं.

कथील

मग स्पीकर घेऊन या. दोन्ही अ‍ॅम्प लावू, ४०० हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने दोघांनाही २.८३ व्होल्टवर आणू. नाहीतर जो किंचित मोठा तोच चांगला वाटतो. स्विच माझा मुलगा फिरवेल, आपण दोघं पाठ करून बसू आणि कागदावर लिहू. वीस फेऱ्या. तुमचा तानपुऱ्याचा ट्रॅक आणा, मी तबला ठेवतो. शनिवारी चारनंतर या, त्याआधी आमच्या गल्लीत लाइट नसते.

पाटपट्टी

उजव्याचं टर्मिनल आधी बसवा, मगच न्या.