दोन हार्ड डिस्क पुरतील का?
पतसंस्थेच्या सर्व्हरच्या बॅकअपसाठी, म्हणजे डेटाच्या राखीव प्रतीसाठी, दोन यूएसबी डिस्क आलटून-पालटून लावल्या की झालं, हे मत अर्धंच पटतं. दोन्ही त्याच इमारतीत असतील तर उपयोग काय? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजले बुडाले. अशा वेळी सर्व्हरशेजारच्या कपाटातली डिस्कही पाण्यातच जाते. एक प्रत दुसऱ्या गावच्या शाखेत हवीच. पण आधी इंटरनेटचा अपलोड वेग मोजा: १० एमबीपीएसवर (सेकंदाला १० मेगाबिट) ५०० जीबी चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणून पहिली पूर्ण प्रत डिस्कवरून शाखेतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर) न्या, मग रोज रात्री फक्त बदललेला भाग पाठवा. डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली नुसत्या कॉपी करू नका, अर्धवट नोंदी येतात, डंपच काढा, म्हणजे डेटाबेसच्याच सोयीने काढलेली पूर्ण प्रत.

आणि पावसाळ्यात सुटी डिस्क हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. खडे गुलाबी झाले की लगेच बदला.